वर्नाच्या स्वेटरचा भोपळा

लाइल टोलेफसनची पिकअप पुलावरून गावात शिरली, तेव्हा शेजारी बसलेल्या त्याच्या आईने, वर्नाने, खिडकीची काच खाली केली. मक्याच्या कापणीची धूळ आणि जळणाऱ्या पानांचा वास तिला हवा होता. जुलैत कोंबड्यांना पाणी नेताना दूधघराच्या ओल्या पायरीवरून ती घसरली होती, खुबा मोडला होता, आणि तेव्हापासून आधी ओ क्लेअर शहरातलं इस्पितळ, मग पडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवणारं तिथलंच एक केंद्र, अशा पांढऱ्या भिंतींत तिचा सगळा उन्हाळा गेला होता. आता मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल झाली होती आणि वर्ना घरी निघाली होती.

“सफरचंदं?” तिने विचारलं.

“झाडावरच आहेत, मा.”

“बरं झालं. दंव पडलं की गोडी धरतात. आणि कोंबड्या?”

“मार्लिसकडे. मजेत आहेत.”

लाइल मुळातच मितभाषी. वडील ऑरिन गेले, गाई विकल्या, तेव्हाही तो दोन वाक्यांपलीकडे बोलला नव्हता. पण आज त्याचं गप्प बसणं वेगळं होतं. हातात स्टिअरिंग नसून गरम तवा असावा तसा तो बसला होता.

मोठ्या रस्त्यावर दरवर्षीसारखीच सजावट होती. पोर्चच्या खांबांना मक्याची धाटं बांधलेली, पायऱ्यांवर गवताचे भारे, त्यांवर भोपळे. वर्ना कौतुकाने बघत होती. सॉरेन्सनांच्या घरापुढे गाडी सिग्नलला थांबली आणि तिची नजर त्यांच्या वरच्या पायरीवर गेली. तिथे एक कापडी भोपळा होता. कापूस भरून गुबगुबीत केलेला, सुतळीने फाका पाडलेल्या, डोक्यात देठ म्हणून झाडाची काटकी खोचलेली. निळी-पांढरी वीण, बर्फाच्या चांदण्यांची. आणि ऐन पोटावर एक तपकिरी रफू.

“लाइल, गाडी बाजूला घे.”

“मा, मागे ट्रक आहे...”

“बाजूला घे म्हणते ना!”

त्याने घेतली. वर्नाने खिडकीतून मान बाहेर काढली.

“तो माझा स्वेटर आहे.”

“तसे स्वेटर बऱ्याच जणांकडे असतात, मा.”

“कोपराला तपकिरी रफू असलेले? निळी लोकर संपली, म्हणून तुझ्या बापाच्या मोज्यांतून उरलेल्या लोकरीने मी रफू केला तो. आंधळी झाले तरी बोटांनी ओळखीन. तो तिथे काय करतोय?”

लाइलचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचं तोंड गप्प राहिलं तरी कान बोलत.

“भोपळा झालाय,” तो पुटपुटला.

“ते दिसतंय मला! केला कोणी?”

मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. चर्चची शरदातली जत्रा होती. लाइलची बायको जनेल तिची पुढारी. यंदा तिची कल्पना अशी, की सगळी सजावट घरातल्या जुन्या वस्तूंतून करायची, नवीन काही आणायचं नाही. गावरान सजावट. हल्ली लोकांना तीच आवडते म्हणे. बायकांनी सगळा सप्टेंबर बसून केलं, आणि जत्रेत सगळं हातोहात विकलं गेलं.

“घरातल्या जुन्या वस्तू,” वर्ना म्हणाली. “कोणाच्या घरातल्या?”

लाइलने गाडी सुरू केली. धान्याच्या कोठाराजवळचा फाटा आला. उजवीकडे वर्नाची वाडी, डावीकडे लाइलचं घर. गाडी डावीकडे वळली.

“अरे, झोपलास का? रस्ता चुकलास.”

“चुकलो नाही, मा,” लाइल म्हणाला, आणि त्याचे कान आता मेपलच्या पानासारखे झाले होते.

लाइलच्या अंगणात माणसं जमली होती. चर्चच्या शिवणमंडळाच्या बायका, पाद्रीणबाई, वर्नाची जन्माची मैत्रीण मार्लिस, आणि सगळ्यांपुढे ॲप्रन बांधलेली जनेल. त्यांच्यामागे, दारापर्यंत चढत गेलेला, नव्या पिवळ्या लाकडाचा रॅम्प. कठड्याला नारिंगी फिती गुंडाळलेल्या. गाडी थांबताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जनेल धावत आली आणि दार उघडलं. “वर्ना! घरी स्वागत आहे तुमचं! बघा, जत्रेच्या पैशांतून केला. सगळा तुमच्यासाठी. खालची खोलीसुद्धा तयार केलीय, न्हाणीघराला दांड्या लावल्यात. आता जिन्याची कटकट नाही, की कसली काळजी नाही!”

वर्नाने रॅम्पकडे पाहिलं. टाळ्या वाजवून उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता: आता म्हातारी रडेल, आणि मग आपणही रडू. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि पुण्याची वाट बघत उभं राहायचं, त्यातला प्रकार. आणि इथे तर हलवायालाच आभार मानायला बोलावलं होतं.

तिने हात लांब करून गाडीचं दार ओढून घेतलं. आतून कडी लावली.

“वर्ना?” जनेलने काचेवर टकटक केलं. “काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

वर्नाने काच चार बोटं खाली केली. “माझा निळा स्वेटर सॉरेन्सनांच्या पायरीवर बसलाय. बाकीचे कुठे आहेत?”

जनेलचं हसू जागच्या जागी वाळलं. “म्हणजे... ते सगळं जुनंच होतं ना. विरलेलं. तुम्हाला आम्ही नवे घेऊन देऊ की.”

“जुनं होतं. टाकलेलं नव्हतं.”

“अहो, किती सुंदर झालेत ते भोपळे! लोक भांडून घेत होते. तुमच्या हातची वीण गावभर...”

“मला घरी जायचंय. माझ्या घरी.”

“पण वर्ना, ते घर आता...” जनेल नवऱ्याकडे वळली. “लाइल, तू सांगितलं नाहीस यांना?”

लाइल बुटाच्या टोकाने खडी उकरत उभा होता. वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने हा मुलगा दर रविवारी तिच्या पलंगाशी येऊन बसत होता. पाऊस कसा आहे, दुधाला भाव काय आहे, सगळं सांगत होता. हे एवढंच राहिलं होतं.

पाद्रीणबाई पुढे आल्या, हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या पदार्थाची ताटली घेऊन. “वर्ना, थोडं खाऊन तरी घ्या. सगळ्यांनी फार प्रेमाने केलंय हो हे.”

“माझ्या कपाटात प्रेमाने हात घालायच्या आधी मला एक फोन करायचा होता, पाद्रीणबाई. ओ क्लेअरला फोन आहे.”

ताटली खिडकीबाहेरच राहिली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, “भुलीच्या औषधाने असं होतं कधीकधी.” ते वर्नाने ऐकलं, आणि ऐकलंय हे त्यांना कळावं म्हणून काच आणखी खाली केली.

शेवटी मार्लिसच आली. ती खिडकीशी वाकली तेव्हा वर्ना म्हणाली, “तू तरी होतीस ना गं गावात. तू काय करत होतीस?”

“मी... मी एक विकत घेतला,” मार्लिस ओशाळून म्हणाली. “तुझ्या हिरव्या कार्डिगनचा. म्हटलं, तुझी आठवण राहील.”

“आठवण? मी ओ क्लेअरला होते, मार्लिस! स्वर्गात नव्हते!”

मागे कोणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. मार्लिसला मात्र हसू आलं नाही. तिने वर्नाकडे नीट पाहिलं, मग लाइलकडे हात पसरला. “किल्ली दे. मी सोडते हिला.”

“पण मार्लिस, तिथे पायऱ्या आहेत,” जनेल कळवळून म्हणाली.

“पायऱ्या तिथे आधीपासून आहेत,” वर्ना म्हणाली. “मीही.”

वाडीवरच्या घराला चार उंच पायऱ्या. वॉकर तिथे कुचकामी. वर्नाने विचार केला, मग पाठमोरी झाली, खालच्या पायरीवर बसली, हातांवर भार देऊन बूड वरच्या पायरीवर ओढलं, दम घेतला, पुन्हा ओढलं. मार्लिस वॉकर हातात धरून रडकुंडीला आली होती.

“माझ्याकडे बघू नकोस,” वर्ना दात आवळून म्हणाली. “कोंबडीकडे बघ.”

“कोंबड्या माझ्याकडे आहेत.”

“मग आभाळाकडे बघ!”

आत गेल्यावर तिला कळलं, की स्वेटर ही नुसती सुरुवात होती. वर्नाच्या घरात काही वाया जात नसे. ब्रेडच्या पिशव्या धुऊन वाळत, सुतळीचे गुंडे होत, डबे खिळ्यांसाठी, गोणपाट झाडांच्या बुंध्यांसाठी. ऑरिन गेल्यावर त्याचे जाड चौकड्यांचे शर्ट ती स्वतः गोठ्यात घालत असे. सगळं पुन्हा कामाला यायचं, म्हणूनच सांभाळलेलं. आणि म्हणूनच सजावटवाल्यांना तिचं घर म्हणजे भरलेली खाण वाटली असणार. दारामागच्या खुंट्या मोकळ्या. कपाटात पेटीकोट आणि उन्हाळी झगे तेवढे. तळघरात मार्लिस उतरून आली; मुरंब्याच्या बरण्या रांगेने उभ्या, पण झाकण आवळून धरणारी पत्र्याची कडी एकाही बरणीला नाही. त्या कड्या सुतळीत ओवून, नारिंगी रंगवून, त्यांचेही भोपळे केले होते, असं मार्लिसने कबूल केलं.

“मग मी सफरचंदाचा सॉस कशात भरू? टोपीत?”

मार्लिस रिकाम्या खुंट्या मोजल्यासारखं करू लागली.

“आणि शिडी? सफरचंदाची शिडी कुठाय?”

ऑरिनने ॲश झाडाच्या लाकडाची केलेली, वर निमुळती होत जाणारी शिडी गोठ्याच्या भिंतीला टांगलेली असे. मार्लिस म्हणाली, “पाद्रीणबाईंच्या पोर्चवर आहे. म्हणजे... अर्धी. पायऱ्यांवर फळ्या टाकून मांडणी केलीय. वर छोटे भोपळे ठेवलेत.”

“आणि उरलेली अर्धी?”

“ती दुसऱ्या कोणाच्या पोर्चवर.”

वर्ना खुर्चीत बसली. वॉकर बाजूला सरकवला. मग म्हणाली, “चोर आले असते तर परवडलं असतं. त्यांनी शिडी अख्खी नेली असती.”

सकाळी गवतावर दंव पडलं होतं आणि घालायला एक गरम कपडा नव्हता. वर्नाने झग्यावर रजई पांघरली, कमरेला सुतळीने बांधली. मार्लिस अंडी आणि कॉफी घेऊन आली तेव्हा ती दाराशी तयार होती. मार्लिसने येताना हिरव्या कार्डिगनचा भोपळाही आणला होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि नजर खाली केली. वर्नाने कात्रीने सुतळी कापली, कापूस उपसला, कार्डिगन उलगडून उजेडात धरलं. काखेखालून आडवं कापलेलं होतं. बाह्या वेगळ्या केलेल्या.

“उसवून पुन्हा विणता येईल का गं?” मार्लिसने विचारलं.

“कात्री लागली, आता काय विणणार? ओळी मधेच तुटल्यात. वीतवीतभर धागे निघतील.” तिने ते घडी घालून ठेवलं. “चल.”

“कुठे?”

“घरोघर.”

पहिलं घर टॅरिन नावाच्या एका मुलीचं. ती आणि तिचा नवरा मिनीॲपोलिस शहरातून नुकतेच गावात राहायला आले होते. तिच्या पोर्चवर ऑरिनच्या लाल चौकडीच्या शर्टाचे तीन भोपळे ओळीने बसले होते, आणि शेजारी वर्नाचा दुधाचा कॅन, चुन्यासारखा पांढरा रंगवलेला, त्यावर मुद्दाम गंजाचे डाग काढलेले.

“अय्या, तुम्ही बनवणाऱ्यांपैकी का?” टॅरिन आनंदाने म्हणाली. रजई बांधलेली म्हातारी बघून ती जरा बिचकली, पण गोड बोलली. “मला फार आवडलं हो हे सगळं. किती अस्सल वाटतं!”

“वाटतं?” वर्ना वॉकर रेटत पुढे झाली. “मुली, या शर्टात माझ्या नवऱ्याने गाईंच्या पोटातून वासरं ओढून काढलीत. तो जो डाग तुला पानाचा वाटतोय ना, ते पान नाही.”

टॅरिनचा उचललेला हात हवेतच थांबला.

“आणि हा कॅन गंजलेला नव्हता. गंजू नये म्हणून मी चाळीस वर्षं पुसला. त्याला गंज कोणी रंगवला?”

“पण... मी विकत घेतलंय ते,” टॅरिन चाचरत म्हणाली. “चर्चला. चांगल्या कामासाठी होतं ना? कोणा आजारी बाईच्या रॅम्पसाठी.”

“मीच ती आजारी बाई.”

टॅरिनने तिच्याकडे पाहिलं, रजईकडे पाहिलं, भोपळ्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. “आम्हाला सांगितलं, की एका घरातलं जुनं सामान निघालंय. मला वाटलं, घरातलं माणूस...”

“गेलं असेल. बोल ना. सगळ्यांना तेच वाटलं.”

टॅरिनने भोपळे उचलून मार्लिसच्या गाडीत ठेवले, मग कॅन. मग आत जाऊन स्वतःचा लोकरीचा कोट आणून पुढे धरला. “निदान हा तरी घ्या. फार गार आहे.”

“मला तुझा कोट नको. तुझ्यावर राग नाही माझा,” वर्ना म्हणाली, आणि हे खरं असल्याने तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. राग सगळा दुसरीकडे जायचा होता. त्याला वाटेत सांडून चालणार नव्हतं.

दुपारपर्यंत त्या दोघी गावभर फिरल्या. कुणी दार उघडायच्या आधीच भोपळा पायरीवर काढून ठेवला होता, कारण बातमी गाडीच्या पुढे धावत होती. सॉरेन्सनांनी बाहीचा भोपळा कागदात गुंडाळून, माफी मागून दिला. एकीने मात्र कुरकुर केली, “चर्चच्या कामात असा हिशेब करतात का कुणी?” तिला वर्नाने विचारलं, “तुझा कोट कुठल्या खुंटीवर असतो गं? मी उद्या येऊन भोपळा करते.” मग तिथूनही तो मिळाला. पाद्रीणबाईंनी अर्धी शिडी स्वतः उचलून गाडीत घातली. “मी विचारायला हवं होतं, वर्ना,” त्या म्हणाल्या. “सगळं इतकं चांगल्या हेतूने चाललं होतं, की प्रश्न सुचलाच नाही.”

“हेतू चांगला असला की कात्रीला धार चढते,” वर्ना म्हणाली.

चार वाजता वाडीच्या रस्त्यावर गाडीचा धुरळा उठला. जनेल होती. ती तडक आत आली, आणि स्वयंपाकघरभर पसरलेले भोपळे बघून दारातच थांबली. डोळे सुजले होते, पण ती रडायला आलेली नव्हती.

“झालं समाधान? गावभर माझी अब्रू काढलीत. आता मी चर्चमध्ये तोंड कसं दाखवू?”

“मी माझे कपडे मागितले. तुझी अब्रू त्यांच्या खिशात होती, हे मला काय माहीत?”

“तीन महिने!” जनेलचा आवाज फुटला. “तीन महिने मी ओ क्लेअरला येत होते. तुमचा मुलगा रविवारी तासभर. बुधवारी कोण होतं? तुमची नखं कोणी कापली? तुमचं गोठ्यातलं मांजर मेलं, ते कोणी पुरलं? मी! आणि मी चोर?”

“तू चोर नाहीस. चोराला ठाऊक असतं, की वस्तू दुसऱ्याची आहे.”

“डॉक्टर म्हणाले होते, एकटं राहणं धोक्याचं आहे. कोणीतरी काहीतरी ठरवायला नको? लाइल ठरवतो का कधी काही? पंचवीस वर्षं बघतेय मी. म्हणून मी ठरवलं.”

हे खरं होतं. जनेल बुधवारी यायची, पलंगाशी बसून विणकामाची मासिकं वाचून दाखवायची. वर्ना तिची वाट बघायची. आणि त्यामुळेच संताप जास्त होता.

“बुधवारी तू माझ्याजवळ बसून मला टाके विचारत होतीस,” वर्ना म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बर्फाच्या चांदणीला किती घरं सोडायची, विचारत होतीस. आणि गुरुवारी इथे येऊन तीच चांदणी कापत होतीस. एका बुधवारी तरी तोंड उघडायचं होतंस, जनेल. वर्ना, तुमचं घर मी रिकामं करतेय, एवढंच.”

“उघडलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता!”

“अर्थात नाही म्हणाले असते!”

“म्हणूनच नाही विचारलं!”

बोलून गेल्यावर जनेलला स्वतःलाच ते ऐकू आलं. तिने तोंडावर हात ठेवला. मार्लिस उगाचच सिंकमधला एकुलता एक कप धूत राहिली.

“लाइलला पाठव,” शेवटी वर्ना म्हणाली. “आज भांडून माझा निम्माच राग खर्च झालाय. उरलेला त्याच्या वाट्याचा आहे.”

लाइल उजेड असतानाच आला. आईने त्याला बसायला सांगितलं नाही.

“तुला ठाऊक होतं?”

“हो, मा.”

“शिडी कोणी कापली?”

“मीच. जनेल म्हणाली, यंदा तू काही शिडीवर चढणार नाहीस.”

“मी नसते चढले. तू चढला असतास! सफरचंदं कोण काढणार होतं, अस्वल?” वर्नाने टेबलावर हात आपटला. “तुझ्या बापाने ती केली तेव्हा तू खाली उभा राहून खिळे देत होतास, लाइल. जनेल परक्या घरातून आली, तिला त्या लाकडाचं काही नव्हतं. तुझ्या हातात करवत चालली कशी?”

या वेळी लाइलचे कान लाल झाले नाहीत. चेहराच पांढरा पडला. “नाही चालली,” तो म्हणाला. “दोनदा थांबलो. मग ती म्हणाली, मा परत येणार नाही. आणि मी कापली.”

“तुलाही तसंच वाटलं?”

“मला भीती वाटली, मा.”

वर्नाला त्या क्षणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. तिने फिरवला नाही. असे हात फिरवूनच हा मुलगा पन्नाशीचा झाला होता.

“तो रॅम्प इथे आण,” ती म्हणाली.

रविवारी वर्ना चर्चला गेली. अंगात काखेखालून कापलेलं हिरवं कार्डिगन होतं. नुसता धडाचा नळकांड्यासारखा तुकडा, त्याला ऑरिनच्या लाल चौकडीच्या शर्टाचे दोन पट्टे खांद्यावरून शिवलेले, कडेने लोकर लोंबत होती. ती वॉकर टेकत मधल्या वाटेने सावकाश चालत गेली आणि पहिल्या बाकावर बसली. प्रार्थनेनंतर कॉफीच्या वेळी कोणीतरी धीर करून म्हणालं, “वर्ना, हे काय घातलंयस?”

“गावरान आहे,” वर्ना म्हणाली. “हल्ली आवडतं म्हणे लोकांना.”

मार्लिस कॉफीचा घोट घेता घेता ठसकली. काही बायका हसल्या, काहींनी कपात बघितलं. जनेल खोलीच्या टोकाला केकचे तुकडे वाढत होती. ती हसली नाही, पण निघूनही गेली नाही. तेवढं वर्नाच्या लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात लाइलने रॅम्प खोलून ट्रकवर लादून आणला. पण वर्नाच्या घराचं दार त्याच्या दारापेक्षा बरंच उंच. रॅम्प लावला तर घसरगुंडीच झाली असती. मग त्याला नवं लाकूड घेऊन एक वळण वाढवावं लागलं. तो स्वतःच्या पैशाने ते घेऊन आला आणि दोन शनिवार हातोडा चालवत राहिला. वर्ना अंगणात खुर्ची टाकून, रजई गुंडाळून, लक्ष ठेवून बसायची. कठडा कुठल्या बाजूला हवा, हे तो प्रत्येक वेळी विचारायचा. कधीकधी गरज नसतानाही विचारायचा. तेव्हा ती म्हणायची, “खिळा कुठे ठोकायचा हेही मलाच विचारणार आहेस का?” पण विचारणं त्याने सोडलं नाही.

सफरचंदं मार्लिसच्या शिडीने निघाली. सॉसच्या बरण्यांना नव्या कड्या घ्याव्या लागल्या. रंगवलेल्या कड्या घासून पाहिल्या, पण रंग पार आतल्या आट्यांत बसला होता. निळ्या स्वेटरचं काहीच होऊ शकलं नाही. त्याचे तुकडे वर्नाने कपाटात ठेवले. टाकले नाहीत, आणि कशाला वापरलेही नाहीत.

पहिला बर्फ पडायच्या सुमारास एका दुपारी दारावर टकटक झाली. वाडीवर दार वाजवायची पद्धत नव्हती. लोक हाक मारत सरळ आत येत. वर्नाने पडदा सारून पाहिलं. नव्या रॅम्पच्या टोकाला जनेल उभी होती. हातात एक पिशवी.

“येऊ का आत?” ती बाहेरूनच म्हणाली.

वर्ना लगेच उठली नाही. वॉकर जवळ होता, पण तिने जरा वेळ घेतला. बाहेर वारा सुटला होता, जनेलच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि तिने कडीला हात लावला नव्हता.

“ये,” वर्ना म्हणाली. “पाय पूस.”

पिशवीत जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेले स्वेटर होते. जनेलने ते टेबलावर मांडले. वर्नाने एकेक उचलून शिवणी पाहिल्या, बगला ताणून पाहिल्या. दोन बाजूला काढले. बाकीचे परत ढकलले.

“हा यंत्राचा आहे. एका धुण्यात लोंबेल. याची लोकर टोचते. हे दोन ठेवते.”

“बरं,” जनेल म्हणाली.

“राग गेलेला नाही माझा.”

“माहीतेय.”

“जाईल असंही नाही.”

“तेही माहीतेय,” जनेल म्हणाली. “माझाही गेला नाहीये, वर्ना. अब्रूचा.”

वर्नाने तिच्याकडे पाहिलं. मग चुलीवरच्या कॉफीकडे बोट केलं. जनेलने कपाट उघडलं, दोन कप काढले, आणि कुठला कप वर्नाचा, हे विचारायला वळली.